५७८ विहिरी खोदल्या, मग तेल का वाढलं नाही?

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्याच्या डिचोली तालुक्यातला चोवीस वर्षांचा मुलगा, आयटीआय झालेला डिझेल मेकॅनिक. २०१२ साली इथल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, मग सुरू होऊन २०१८ला पुन्हा थांबल्या. त्या दुसऱ्या खेपेपासून वडिलांचा टिपर, खनिज वाहणारा ट्रक, अंगणात उभा आहे. ओएनजीसीने २०२४-२५ या आर्थिक वर्षात ५७८ विहिरी खोदल्या, पस्तीस वर्षांतला सर्वांत मोठा आकडा, अशी बातमी त्याने वाचली. तो विचारतो: एवढ्या विहिरी खोदूनही देशातलं तेल वाढत का नाही? आकडा चढतोय म्हणजे रिगवर, विहीर खोदणाऱ्या यंत्रणेवर, माणसं लागणार. मग एक एजंट म्हणतोय तसं दोन लाखांचं कर्ज काढून त्याचं ‘ऑफशोअर पॅकेज’, समुद्रातल्या रिगवरच्या नोकरीसाठीची प्रमाणपत्रं, घ्यावं का? आणि आपल्या गोव्याखाली तेल आहे की नाही?

तू माझ्या धाकट्या मुलापेक्षाही लहान आहेस, म्हणून अरे-तुरे करतो. मी माशेलचा. एकतीस वर्षं ड्रिलिंगमध्ये काढली. फ्लोअरमन, म्हणजे खोदकामाच्या फलाटावरचा कामगार, म्हणून रिगवर चढलो आणि टूलपुशर, म्हणजे रिगचा प्रमुख, म्हणून उतरलो. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मुंबईच्या समुद्रात, बाकीची गुजरातेत आणि थोडी आखातात.

कर्जाचं आधी सांगतो, कारण तिथे उशीर झाला तर नुकसान तुझं आहे: ते काढू नकोस. का, ते खाली येईलच. पण त्यासाठी हा ५७८ आकडा कशाचा बनलाय ते आधी समजून घे.

त्यातल्या १०९ विहिरी शोधाच्या होत्या आणि ४६९ विकासाच्या. शोधाची विहीर म्हणजे खाली काही आहे का हे पाहण्यासाठी मारलेली. ती कोरडी निघाली तरी तिचं काम झालेलं असतं. तिथे काही नाही हे कळलं. विकासाची विहीर म्हणजे तेल आहे हे ठाऊक असलेल्या क्षेत्रात, ते वर आणण्यासाठी पाडलेलं आणखी एक भोक. बातमीत दोन्हींची बेरीज छापतात.

दुसरी गोष्ट, ‘एक विहीर’ हे मापच सारखं नाही. गुजरातेत मेहसाण्याकडे जमिनीवर हजार-दीड हजार मीटरची विहीर सगळं सुरळीत असेल तर पंधरा-वीस दिवसांत उरकते. मुंबई हायला, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, पाणी साधारण पंचाहत्तर मीटर आणि मुख्य तेलाचा थर समुद्रतळाखाली तेराशे-चौदाशे मीटरवर. पण विहीर सरळ खाली जात नाही, प्लॅटफॉर्मपासून तिरकी नेऊन थरात आडवी वळवावी लागते, म्हणून पाइपची लांबी त्याच्या दुपटीकडे जाते आणि दीड-दोन महिने लागतात. पूर्व किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरीच्या खोल पाण्यात नुसत्या पाण्याचीच खोली शेकडो मीटर. तिथे एका विहिरीला तीन-चार महिने सहज जातात, आणि तिच्या खर्चात मेहसाण्याच्या कितीतरी विहिरी होतात. वर्षाच्या यादीत मात्र प्रत्येकीपुढे एकच काडी. देशाच्या एकूण संख्येत जमिनीवरच्या विहिरींचा भरणा मोठा असतो. चार जास्तीच्या रिग उथळ क्षेत्रात लावल्या की वर्षाचा आकडा फुगतो. यात कोणी फसवत नाही. मोजायची पद्धतच तशी आहे.

आता तुझा मूळ प्रश्न. आमच्या माशेलच्या खालच्या अंगाला खाजन शेतं, खाडीकाठची बांध घातलेली भातशेतं, आहेत. लहानपणी दर वर्षी बांधावर चिखल चढवायला अख्खा वाडा जायचा. त्या कामाने भात एक मूठही वाढत नसे. पण एक वर्ष बांध सोडला तर खारं पाणी आत शिरून पुढची तीन वर्षं वाया जात. जुन्या तेलक्षेत्रातली विकासाची विहीर ही बरीचशी त्या बांधावरच्या चिखलासारखी असते.

कसं ते बघ. तेल खडकात स्वतःच्या दाबाखाली असतं. काढत गेलं की दाब उतरतो, आणि दाब टिकवायला आपण खालून पाणी भरतो. काही वर्षांनी तेच पाणी तेलाबरोबर वर येऊ लागतं. सुरुवातीला शंभर बादल्यांत पाच पाण्याच्या, पुढे पन्नास, मग ऐंशी. विहीर चालू असते, पंप फिरत असतो, पण तेल घटत जातं. समज, एका क्षेत्रातून आज रोज शंभर बॅरल निघतात आणि काहीच केलं नाही तर ते वर्षाला आठ-दहा टक्क्यांनी उतरतं. मग पुढच्या वर्षी नव्या विहिरींनी आधी ते आठ-दहा बॅरल भरून काढायचे, तेव्हा कुठे आकडा शंभरावर टिकणार. शिवाय चांगल्या जागा आधी संपलेल्या असतात. नवी विहीर दोन जुन्यांच्या मधल्या फटीत, उरलेल्या तेलासाठी पाडलेली असते. ती पहिल्या पिढीच्या विहिरीइतकं देत नाही. म्हणून तेवढंच तेल टिकवायला दर वर्षी जास्त विहिरी लागतात.

देशाचे आकडे हेच सांगतात. २०११-१२ साली भारताचं कच्च्या तेलाचं उत्पादन ३ कोटी ८० लाख टनांच्या आसपास होतं. २०२४-२५मध्ये ते २ कोटी ९० लाखांच्या खाली आलं. त्याच काळात विहिरींची संख्या खाली गेलेली नाही. २०२३-२४मध्ये एकट्या ओएनजीसीने ५४०च्या आसपास खोदल्या आणि पुढच्या वर्षी ५७८. हे वाचून ‘मग खोदकाम फुकट गेलं’ असं लोक म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. त्या विहिरी पाडल्या नसत्या तर घसरण किती खोल गेली असती याचा हिशेब कोणी बातमीत मांडत नाही.

मुंबई हायचंच घे. फेब्रुवारी १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे पहिल्यांदा तेल दाखवलं, मे १९७६मध्ये उत्पादन सुरू झालं. १९८०च्या दशकात ते रोज साडेचार लाख बॅरलच्या पुढे गेलं होतं. आता त्याचा तिसरा हिस्साही उरलेला नाही, आणि तरीही पन्नास वर्षांचं हे क्षेत्र देशाचा मोठा आधार आहे. ते आजवर उभं आहे ते दोन हजार सालानंतर टप्प्याटप्प्याने केलेल्या पुनर्विकासामुळे: जुन्या विहिरीच्या पोटातून बाजूला नवी वाट काढणं, पाण्याचे थर बंद करणं, आडव्या विहिरी. जानेवारी २०२५मध्ये तिथलं उत्पादन सुधारण्यासाठी बीपी कंपनीची तांत्रिक सेवा घ्यायचं ठरलं. या बाजूला-वाट काढलेल्या विहिरी कुठल्या खात्यात मोजायच्या यावरही दोन यादीकारांचं एकमत नसतं. कोणी नवी विहीर म्हणतो, कोणी दुरुस्ती.

उलटं उदाहरण अमेरिकेचं. तिथे कामावर असलेल्या रिगची मोजणी दर आठवड्याला प्रसिद्ध होते. सप्टेंबर २०१४मध्ये १,९३१ रिग चालू होत्या आणि त्या वर्षी रोजचं उत्पादन सरासरी ८८ लाख बॅरलच्या घरात होतं. तेलाचा भाव कोसळला, मे २०१६मध्ये रिग ४०४वर आल्या. कोरोनाच्या वर्षी, ऑगस्ट २०२०मध्ये, २४४. मग थोड्या परतल्या. २०२३ संपताना ६२०च्या आसपास होत्या. आणि २०२३चं सरासरी उत्पादन किती? रोज १ कोटी २९ लाख बॅरल. तिसरा हिस्सा रिग, दीडपट तेल. एकाच जागेवरून सरकत सरकत अनेक विहिरी पाडायच्या, प्रत्येक विहीर शेल नावाच्या खडकाच्या थरात दोन-तीन किलोमीटर आडवी न्यायची आणि खडक दाबाने फोडायचा, यामुळे एक रिग पूर्वीच्या तीन-चारांचं काम करू लागली.

तर तिकडे रिग कमी होऊन तेल वाढलं, इकडे विहिरी वाढूनही तेल घटलं. म्हणून मी नव्या पोरांना कायम सांगत आलो, नुसत्या विहिरी मोजून तेलाबद्दल बोलू नका. आणि नोकरीबद्दल तर मुळीच नको. अमेरिकेत उत्पादन विक्रमी झालं तेव्हा रिगवरची बरीच माणसं परत बोलावलीच गेली नव्हती.

वर्षाचा आकडा बनतो कसा, तेही बघ. एक बाजू गुणाकाराची: किती रिग किती महिने चालल्या, आणि एका रिगने महिन्याला किती मीटर खोदलं. आपल्याकडे याला रिग-महिना आणि सायकल स्पीड म्हणतात. सायकल स्पीडमध्ये रिग हलवण्यापासून विहीर पूर्ण करून सोडेपर्यंतचा सगळा वेळ धरतात. कमर्शियल स्पीडमध्ये हलवाहलव धरत नाहीत. विहिरी वाढल्या असतील तर रिग वाढल्या की वेग वाढला, हा पहिला प्रश्न विचारायचा. वेग वाढून विहिरी वाढल्या असतील तर जेवढी माणसं होती तेवढ्यांतच काम झालं. नवी भरती शून्य.

वेग कशाने जातो ते बाहेरच्यांना दिसत नाही. रिगवर ऑफिसच्या भिंतीला एक आलेख टांगलेला असतो: खाली दिवस, उभ्यात खोली. बिट, म्हणजे खडक कापणारं टोक, खाली जाताना रेघ उतरत जाते. केसिंग, म्हणजे विहिरीला आतून धरणारे पोलादी पाइप, उतरवताना, सिमेंट भरताना, मोजमाप घेताना ती आडवी पडते. अडचण आली की आडवीच राहते. मुंबई हायच्या चुनखडीत आमची रेघ कित्येकदा आडवी पडली. वरच्या शेलमधून बिट जाते तोवर शेकर या हलत्या चाळणीच्या जाळीवर करडा, चिकट चुरा येत राहतो, खाजनातल्या चिखलासारखा बोटांना धरून बसणारा. मग एका क्षणी जाळीवर पांढुरके, खरखरीत कण दिसू लागतात. भूवैज्ञानिक ते बशीत घेऊन पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतो आणि ते फसफसतं. ती चुनखडी, तिसऱ्यांचे शिंपले जाळून आपल्याकडे पूर्वी चुना करत, त्याच जातीचं, फक्त कोट्यवधी वर्षं दाबलं गेलेलं. तिच्यात फटी असतात. टाकीतल्या मडची, म्हणजे विहिरीत फिरवायच्या चिखलासारख्या द्रावाची, पातळी एकदम उतरू लागते, अलार्म वाजतो, मड सांभाळणारा डेरिकमन टाकीवर वाकून ओरडून सेंटिमीटर सांगत राहतो. वरून जेवढं मड टाकाल तेवढं खडक पिऊन टाकतो. अशा वेळी अभ्रकाचे तुकडे, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा पाठवून फटी बुजवायच्या. तेलाच्या थरात असाल तर संगमरवराची पूड, म्हणजे पुढे आम्लाने ती विरघळून थर मोकळा होईल. एका विहिरीवर आम्ही असे अकरा दिवस घालवले. चाळीस दिवसांची विहीर एक्कावन्न दिवसांवर गेली, आणि त्या रिगची त्या वर्षातली पुढची विहीर तिथेच बुडाली. यादीत दिसलं एवढंच की एक विहीर कमी.

दुसरी बाजू ऋतूची. ही तुला गोव्यात राहून लगेच कळेल. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात. समुद्रातली जॅक-अप रिग पावसाळ्यात बंद नसते. तीन पाय तळाला रोवून, हल, म्हणजे धड, लाटांच्या वर उचलून ती खोदत राहते. पण ती हलू शकत नाही. पाय वर घेऊन तरंगत टगच्या, म्हणजे ओढणाऱ्या बोटीच्या, मागे जायचं तर समुद्र शांत हवा, लाट साधारण दीड मीटरच्या आत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तशी खिडकी क्वचितच मिळते. म्हणून मे महिन्यात सगळी धावपळ: प्रत्येक रिग अशा प्लॅटफॉर्मवर नेऊन ठेवायची जिथे चार महिने पुरेल एवढं काम आहे. एकाच प्लॅटफॉर्मवर चार-पाच विहिरी असतील तर रिगचा मनोरा सरकवून पुढच्या विहिरीवर जाणं काही तासांचं काम. मेमधली ही आखणी बरोबर जमली तर पावसाळ्यातही विहिरी पडत राहतात. चुकली तर ऑगस्टमध्ये काम संपलेली रिग तशीच उभी, भाडं चालू.

आणि मे महिना भरवशाचा नाही. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेलं. तुमच्याकडे झाडं पडून किती दिवस वीज नव्हती ते आठवत असेल. दुसऱ्या दिवशी ते मुंबई हायजवळ होतं, पी-३०५ ही कामगारांना राहायची तरंगती बार्ज बुडाली आणि सत्तरहून जास्त माणसं गेली. त्याआधी २७ जुलै २००५ला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला आग लागली. खवळलेल्या समुद्रात एक जहाज गॅसच्या उभ्या पाइपवर आदळलं होतं. बावीस जण गेले. मी त्या वेळी रजेवर माशेलला होतो. दूरदर्शनवर तो प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळलेला पाहिला, त्यावर मी जेवलो होतो. रिगवर जायचं म्हणतोस तर हे तुझ्या आईलाही माहीत असायला हवं.

तिसरी बाजू कॅलेंडरची. वर्ष मार्चअखेर संपतं. विहीर कधी ‘खोदली’ म्हणायची? बिट पहिल्यांदा जमिनीला लागली तेव्हा? ठरलेली खोली गाठली तेव्हा? की विहीर तपासून, जोडून, रिग सोडली तेव्हा? अमेरिकेत तर परवानगी, सुरुवात, खोली आणि पूर्णता यांचे वेगवेगळे आकडे असतात, आणि खोदून ठेवलेल्या पण अजून पूर्ण न केलेल्या विहिरींचा आणखी वेगळा. फेब्रुवारीत सुरू होऊन मेमध्ये तेल देऊ लागलेली विहीर कोणत्या वर्षाची, हे व्याख्येवर ठरतं. दोन वर्षांची तुलना करताना व्याख्या तीच आहे ना हे बघायचं.

या मार्चअखेरीने काय होतं ते मी स्वतः पाहिलंय. जमिनीवरची एक रिग होती, नाव सांगत नाही. मधलं केसिंग उतरवून सिमेंट भरलं. भरताना थोडं सिमेंट कपात काढून केबिनमध्ये ठेवतात, धरलं की नाही बघायला. वेळेआधीच वरून निरोप आला, फोडून पुढे चला, एकतीस तारखेच्या आत खोली गाठायची आहे. मी कपातल्या सिमेंटवर अंगठा टेकला. ठसा उमटला. खाली जमिनीत ऊब असते, तिथे सिमेंट वरच्यापेक्षा लवकर धरतं हे खरं; पण ती खोली थोडी होती, ऊबही बेताची. मी लॉगमध्ये लिहिलं, तोंडानेही सांगितलं, पण थांबवायला हवं होतं तसं हट्टाने थांबवलं नाही. खोली ३० मार्चला गाठली. वर्षाच्या यादीत विहीर आली. पुढे शेवटच्या केसिंगला सिमेंट चढवताना ते त्याच कच्च्या जागेतून बाहेर निसटलं, वरच्या पाण्याच्या थराला वाट मिळाली, आणि एप्रिल-मे आम्ही तिथे पुन्हा पुन्हा दाबाने सिमेंट भरत बसलो. ती विहीर शेवटपर्यंत तेलापेक्षा पाणीच जास्त देत राहिली. मोजणीत ती आणि रोज भरभरून तेल देणारी विहीर सारखीच. हे मला अजून सलतं.

भावाचा परिणाम लोकांना वाटतो तितका सरळ नाही. तेल स्वस्त झालं की अमेरिकेच्या जमिनीवर तीन-चार महिन्यांत रिग उतरू लागतात, कारण तिथले करार छोटे. समुद्रातली जॅक-अप आपल्याकडे बहुधा तीन वर्षांच्या कराराने घेतात. आज पडणारी विहीर हा दोन वर्षांपूर्वीच्या निर्णयाचा परिणाम असतो. शिवाय जगात मंदी आली की रिग स्वस्त मिळतात. २०१४नंतरच्या पडझडीत भाडी निम्म्याखाली आली, तेव्हा आपल्याकडे खोदकाम थांबलं नाही. उलट जगात तेजी असताना आपल्या निविदांना रिगच कमी मिळतात. गोव्यातल्या ज्या पोरांनी आखातात काम केलंय त्यांना याची दुसरी बाजू माहीत आहे. जानेवारी २०२४मध्ये सौदी सरकारने आरामको या आपल्या तेल कंपनीला उत्पादनक्षमता वाढवायची योजना थांबवायला सांगितलं, आणि पुढच्या काही महिन्यांत वीसहून जास्त जॅक-अपचं काम स्थगित झालं. एका जॅक-अपवर एका वेळी शंभर-सव्वाशे माणसं असतात, आणि तेवढीच घरी सुट्टीवर. एक रिग उभी राहिली की दोनशेच्या वर घरांची चूल कमी होते. त्यातले कित्येक अनुभवी लोक आता मुंबईच्या रिगवर जागा शोधताहेत. तुझी स्पर्धा त्यांच्याशी आहे, म्हणून विहिरींची संख्या पाहून उडी मारू नकोस.

नोकरीसाठी पाहायचं ते हे: नव्या किती रिगचे करार होताहेत, किती मुदतीचे, आणि कुठल्या कंत्राटदाराकडे. ओएनजीसी स्वतःच्या रिगवर भरती करते ती जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन. भाड्याच्या रिगवर माणसं ठेवतो तो कंत्राटदार. दोन्हींपैकी कोणीही एजंटला पैसे द्या म्हणत नाही. तुझ्या एजंटच्या पॅकेजची यादी तू पाठवलीस त्यात विहीर-नियंत्रणाचं प्रमाणपत्र आहे. ते ड्रिलर, असिस्टंट ड्रिलर आणि त्यांच्या वरच्यांना लागतं. नव्याने चढणाऱ्या राउस्टअबाउटला, म्हणजे डेकवरच्या साध्या कामगाराला, किंवा मेकॅनिकला त्याचा आज उपयोग नाही, आणि त्याची मुदतही संपते. तू ड्रिलर होशील तेव्हा ते पुन्हाच करावं लागेल. समुद्रावर जायला खरोखर लागतं ते मूलभूत सुरक्षेचं प्रशिक्षण, पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर येण्याचं प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी. एवढ्याला दोन लाख लागत नाहीत, आणि बरेच कंत्राटदार नेमणूक झाल्यावर हे स्वतःच करून घेतात. हेलिकॉप्टरचं ते प्रशिक्षण आता आपल्या दारात आहे: बेतूलला ओएनजीसीच्या सुरक्षा संस्थेच्या आवारात फेब्रुवारी २०२४मध्ये सी सर्व्हायव्हल सेंटर सुरू झालं. सांगाडा पाण्यात बुडवून उलटा करतात, आणि पट्टा सोडून खिडकीतून बाहेर यायचं. पहिल्या वेळी नाकात पाणी जातं. घाबरू नकोस, डोळे उघडे ठेव आणि एक हात खिडकीच्या चौकटीवरून काढू नकोस.

तुझ्या हातात एक गोष्ट आहे जी तुला दिसत नाहीये. कामगार-सुरक्षेच्या भारतीय कायद्यात तेलाची विहीर ही खाण धरली जाते. जमिनीवरच्या रिगला खाणींच्या सुरक्षेचे नियम लागू आहेत, तपासायला येतात तेही खाण सुरक्षा महासंचालनालयाचेच अधिकारी. लोहखनिजाच्या खाणीवर काम केलेल्याला शिस्त, वर्क परमिट म्हणजे कामाची लेखी परवानगी, शिफ्टचा ताबा घेणं-देणं हे नवं नसतं. रिगचं हृदय म्हणजे तीन-चार मोठी डिझेल इंजिनं. ती बंद पडली की खोदकाम, पंप, दिवे सगळं थांबतं. फ्लोअरवर काम मागणाऱ्यांची रांग मोठी असते. चांगला डिझेल मेकॅनिक मात्र मिळत नाही. माझ्या हाताखाली फोंड्याचा एक मुलगा टिपर दुरुस्त करता करता असाच आला, आणि चार वर्षांत रिगचा मुख्य मेकॅनिक झाला. तू समुद्राची वाट पाहत बसू नकोस. आधी जमिनीवरच्या रिगसाठी अर्ज कर, गुजरात किंवा राजस्थान. पगार कमी, उन्हाळा वाईट, पण एक वर्ष नोंदवहीत पडलं की समुद्रावरचे दरवाजे उघडतात.

गोव्याखाली तेल आहे का, याचं उत्तर लहान आहे. जमिनीखाली नाही. तेल गाळाच्या खडकात बनतं आणि साठतं. आपला खडक कोट्यवधी नाही, अब्जावधी वर्षांचा, भाजून-दाबून रूप पालटलेला. त्यातच आपलं लोखंड आहे, आणि वर चिऱ्याचं टोपण. समुद्रात मात्र गाळाचा थर आहे. केरळ-कोकण खोरं म्हणतात ते आपल्या समोरून जातं. तिथे विहिरी पाडून झाल्या, पण विकण्याजोगं तेल किंवा वायू मिळालेला नाही, म्हणून सरकारी वर्गवारीत ते तिसऱ्या श्रेणीत आहे: शक्यता मानलेली, सिद्ध न झालेली. तिथे उद्या एखादी विहीर पडली तरी ती त्या १०९सारख्या शोधाच्या यादीत मोडेल. तिच्या भरवशावर घर बांधू नये.

वडिलांच्या टिपरचं इंजिन तू स्वतः उघडून बसवलंस, असं तू शेवटी लिहिलंयस. अर्जात ते सगळ्यात वर लिही: इंजिनाचं मॉडेल, काय बिघडलं होतं, कोणते भाग बदललेस, नंतर किती तास चालवून पाहिलं. मुलाखतीला बसणारा टूलपुशर तेवढंच विचारतो. मीही तेवढंच विचारायचो.